पैसे देऊन उघड्यावर

वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्याच्या माणसाला उघड्यावर झोपायला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर चढला की आमच्याकडं घर ही निव्वळ सामान ठेवायची जागा उरते. माणसं गच्चीवर, अंगणात, ओट्यावर. आणि लाईन गेली की थेट रस्त्यावर. संध्याकाळी स्लॅबवर बादल्या ओतायच्या, वाफ निघून जायची वाट पाहायची, मग गाद्या अंथरायच्या. रात्री अकराला अख्खं गाव एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आडवं झालेलं असतं. कोणाच्या पोरीला पाहायला पावणे येणार आहेत आणि कोणाचा हप्ता थकला आहे, या बातम्या एका गच्चीवरून दुसरीवर पडल्या पडल्याच जातात. चांदण्या आम्ही फुकट पाहतो. कोणती कुठली ते कोणालाच ठाऊक नसतं, पण पाहतो.

हे झालं उन्हाळ्याचं. हिवाळ्यात मुक्काम वावरात. सातपुड्यातून रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, खाली उतरतात, एका रात्रीत हरभऱ्याचा फडशा पाडतात, म्हणून जागल. कृषिपंपाची थ्री फेज लाईन येते रात्री, तीही तिच्या मर्जीनं, म्हणून गव्हाला पाणी द्यायला परत मुक्काम. कानाला मफलर, हातात बॅटरी, पाय चिखलात आणि तोंडात लाईनवाल्यांच्या नावानं जे असतं ते.

आणि सगळ्यात मोठा मुक्काम कापसाचा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस विकायचा तो सरकारलाच. म्हणजे दिवाळीनंतर खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि रांगेचं शेपूट दुसऱ्या गावच्या शिवारात असायचं. नंबर यायला कधी दिवस लागायचे, कधी आठवडा. बैल सोडलेले, कडबा टाकलेला, तीन दगडांची चूल, गाडीखाली पातेलं. ग्रेडर आज आला का, काटा बंद का, बारदाना संपला का, चुकारा कधी निघणार, यावर रात्र रात्र चर्चा. झोपायचं गाडीतल्या कापसावर. जगातल्या कोणत्याही महागड्या कॅम्पला ती गादी परवडणार नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक माणसांनी आयुष्यातलं सगळ्यात मोकळं हसणं त्या रांगेत हसून घेतलं, कारण घरी परत जाऊन रडायचंच होतं. २०१७ साली तूर अमाप पिकली तेव्हा पुन्हा तोच देखावा: मार्केटच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या, थप्प्यांवर माणसं, माणसांवर मच्छर.

तर अशा गावात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, या विकेंडला आपण वान नदीच्या काठावर कॅम्पिंग करायचं का? टेंट मी आणतोय. तुम्ही फक्त जागा बघा."

आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

आमच्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, हे समजावून सांगणं सोपं गेलं नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी पलंग हाय, पंखा हाय, संडास-बाथरूम हाय. आन् पोट्टं म्हंते नदीवर झोपतो. पुण्यात काई भांडण-गिंडण झालं काय त्याचं?" नाही, ते लोक मजेसाठी झोपतात म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पैसे देऊन?" तंबूची किंमत मी तिला सांगितली नाही. तेवढ्या पैशांत एक शेळी येते.

खरी अडचण पुढं होती. वान म्हटलं की वारी आलीच. तेल्हाऱ्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या अगदी पायाशी, वारी भैरवगड. तिथं हनुमानाचं जागृत ठाणं, मूर्ती समर्थ रामदासांनी स्थापल्याची श्रद्धा, वर वानचं धरण, धरणाचं नाव हनुमान सागर. आणि तिथंच नदीत मामा-भाचा डोह. या नावामागची कथा सांगणारे जितके तितक्या कथा, पण सगळ्यांचा शेवट पाण्याखालीच होतो. मामा-भाच्यानं एका होडीत बसू नये हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्याकडं त्या डोहाच्या दिशेनं एका मोटरसायकलवरही बसू देत नाहीत. "मी जित्ती हावो तवरोक नाई," आई म्हणाली. डोहानं माणसं घेतलेली आहेत, ही काही अंधश्रद्धा नाही. त्यामुळं तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तोडगा असा निघाला की मुक्काम वारीत नाही, तिथून खाली, माझ्या मित्राच्या वावरात, वानला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी. आणि पाणी घोट्याच्या वर असेल तिथं दोघांपैकी एकानंच जायचं. कोणी, ते तिनं सांगितलं नाही. पण तिनं माझ्याकडं पाहिलं होतं.

मौजेखातर तंबूत झोपायची ही कल्पना तशी आपली नव्हेच. वऱ्हाडात तंबू आणले साहेबानं. १८५३च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला आणि मग हिवाळा आला की साहेब दौऱ्यावर निघायचे. तंबू, टेबल-खुर्च्या, खानसामा, कोंबड्या, सगळं गाड्यांवर लादलेलं. साहेब सावलीत आरामात बसायचा आणि तहसीलदारापासून कोतवालापर्यंत सगळं गाव घाम पुसत उभं राहायचं. त्यानंतर पुष्कळ दिवस तंबू दिसला की आमच्याकडं माणसं आधी सातबारा शोधायची. गंमत म्हणून स्वतःचा तंबू स्वतः नेणारा माणूस मात्र तिकडं इंग्लंडात निघाला. थॉमस होल्डिंग त्याचं नाव, धंद्यानं शिंपी. १९०१ साली त्यानं सायकलवरून मुक्कामी जाणाऱ्यांची संघटना काढली आणि १९०८ साली मुक्काम कसा करावा याचं जाडजूड पुस्तक लिहिलं. सायकलवर नेता येतील असे हलके तंबू त्याचं वेड. शिंप्यानं आधी लोकांना तंबूचं वेड लावावं यात काही गैर नाही. धंदा कसा करावा हे आमच्या कापूसवाल्यांनी त्याच्याकडून शिकायला हवं होतं.

भाचा आला. सोबत दोन मित्र, दोन मैत्रिणी, गाडीच्या टपावर बांधलेली सायकल आणि मागं सामान. सामान पाहून आईचं मन जरा निवळलं, कारण ते पाहता पोरं घर सोडून आली आहेत असंच वाटत होतं. घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, घडीचा चमचा, कपाळाला बांधायची बॅटरी, हवा भरायची उशी, ती हवा भरायचा पंप, पंपाला चार्जिंग. गाजरासारख्या रंगाची एक लांब थैली निघाली. आईनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"हे कायचं पोतं?"

"आजी, यात शिरून झोपायचं. वर चेन लावायची."

"आन् रात्री उठा लागलं तं?"

या प्रश्नावर पाचही जणांनी एकमेकांकडं पाहिलं. जगभर लाखोंनी विकल्या गेलेल्या वस्तूतला दोष आमच्या आईनं ओट्यावर बसल्या बसल्या काढला. मग तिनं स्वतःचं सामान गाडीत टाकायला लावलं: दोन गाद्या, चार चादरी, घोंगडी, पाण्याची कॅन, ठेच्याची बरणी, तुराट्यांचा भारा आणि गोवऱ्यांचं एक पोतं. गोवऱ्या पाहून एका मैत्रिणीनं विचारलं, "हे ऑरगॅनिक आहे ना?"

पाण्याच्या कॅनवरून मात्र भाच्यानं वाद घातला. नदीवरच जातोय, मग पाणी कशाला? इथं पुण्याच्या माणसाला खारपाणपट्टा समजावून सांगावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा मोठा पट्टा असा आहे की जमिनीखालचं पाणी खारट. बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिऊन तहान वाढते. तेल्हारा तालुक्याची खालची बाजू त्यातच येते. म्हणून इकडचा माणूस पावण्याकडं गेला की आधी पाणी चाखतो, मग चहा. आणि म्हणूनच वानचं गोड पाणी हा आमच्याकडं देवाइतका जिव्हाळ्याचा आणि निवडणुकीइतका तापलेला विषय. ते अकोला शहराला न्यायचं ठरलं तेव्हा तेल्हारा-अकोटची माणसं आंदोलनाला बसली. तेव्हा नदीकाठी जातानाही कॅन भरून घेणं ही आमची सवय आहे, तिला तर्क लावू नये.

सायकलवाल्या मित्राचं स्वतंत्र सांगायला हवं. त्यानं ठरवलं होतं की शेवटचे दहा किलोमीटर तो सायकलनं येणार. अंगाला चिकटलेली पँट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल आणि पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी थेट तोंडात. कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं तो छान निघाला. पण गावाच्या फाट्यावर पानठेल्याजवळ थांबला आणि सापडला. भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्या बाबानं सायकलभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"कितीले पडली?"

"साठ हजार."

बाबानं दुसरी प्रदक्षिणा घातली. "कॅरल नाई, श्टँड नाई, मडगाड नाई, घंटीबी नाई. मंग साठ हजारात त्यायनं देल्लं काय?"

मित्रानं गिअर दाखवले. बाबांनी मान डोलावली. म्हणाले, त्यांच्या साध्या सायकलवर ते कापसाचं बोचकं, दोन लेकरं आणि बायको असं एका वेळी आणत, गिअर नव्हता म्हणून. याचा अर्थ काय ते मित्राला समजलं नाही, मलाही नाही, पण पानठेल्यावरच्या सगळ्यांना पटलं.

पुढं त्यानं शॉर्टकट घेतला. नकाशात एक वाट दिसत होती, ती होती पांधण. पांधण म्हणजे दोन वावरांमधली बैलगाडीची वाट; सरकारी कागदावर तिला पाणंद म्हणतात आणि ती पक्की करायच्या योजना दर काही वर्षांनी नव्या नावानं येतात. पांधण मात्र जुनीच राहते. वरून वाळलेली दिसत होती. कालव्याचं पाणी पाझरून आत काळी माती लोण्याला आलेली. ही सायकल डोंगरासाठी बनवलेली आहे, दगडांवरून उड्या मारते असं म्हणे. असेल. पण वऱ्हाडातली काळी कपाशीची माती त्या कंपनीनं पाहिलेली नसावी. शंभर पावलांत दोन्ही चाकं फुगून ट्रॅक्टरची झाली, मग फिरायची थांबली. मित्र उतरला तर बूट जागेवरच राहिले. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन तो अनवाणी मुक्कामी पोचला. पोचल्यावर पहिलं वाक्य बोलला, "ट्रेल एकदम चॅलेंजिंग आहे." वावराच्या मालकानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "यायच्या कंपनीनं सक्ती केली काय?"

जागा खरंच सुंदर होती. डिसेंबर लागलेला. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, अलीकडं संत्र्याची बाग, तुरीला पिवळा फुलोरा, नाल्याचं पाणी तळातले गोटे दिसतील असं. तिकडं डोंगरात गेलं की मेळघाट सुरू. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट आहे, आणि वान, नरनाळा, अंबाबरवा ही अभयारण्यं आमच्या बाजूनं त्याला लागून. वाघोबाच्या घराच्या मागच्या अंगणात आम्ही तंबू ठोकत होतो म्हणा ना.

तंबूही छान उभा राहिला. पोरांनी पुस्तिका उघडून, नळ्या जोडून, दोनदा उलटा बांधून एकदाचा उभा केला. त्या वेळेपर्यंत बांधावर आठ-दहा प्रेक्षक बसले होते. शहरातून आलेल्या माणसांचा असा समज असतो की रानात एकांत असतो. वऱ्हाडातल्या रानात एकांत नाही. तुम्ही कुठंही बसा, अर्ध्या तासात एक माणूस येतो. तो काही मागत नाही, हाकलत नाही, नुसता जवळ बसतो आणि तंबाखू मळत विचारतो, "कोनाचे पावने?" मग गाव, मग आडनाव, मग आडनावावरून गावातलं एखादं नातं, मग पगार, मग लग्न. एका मैत्रिणीनं सांगितलं की लग्न करायचं अजून ठरलेलं नाही. त्या माणसाला फार वाईट वाटलं. तो उठून गेला आणि थोड्या वेळानं पाच किलो वांगी घेऊन आला.

वांगी आली आणि मुक्कामाचं राज्य बदललं. पोरांनी पिशवीतून दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांची पाकिटं काढली होती. माझ्या मित्रानं ती हातात घेऊन वाचली आणि शांतपणे परत पिशवीत ठेवली. नदीकाठी येऊन रोडगे न करता जाणं, आणि तेही वारीच्या इतक्या जवळ, हा आमच्याकडं देवाचा अपमान. वारीला शनिवारी बघा: नवस फेडायला आलेली कुटुंबं, ट्रॅक्टर भरून माणसं, नदीच्या काठानं धूरच धूर. वऱ्हाडातलं खरं कॅम्पिंग हेच, फक्त याला कोणी तंबू लावत नाही आणि याचं बुकिंग हनुमानाकडं असतं. पोरगा नोकरीला लागू दे, म्हैस गाभण राहू दे, कोर्टाची तारीख लागू दे; सगळ्यांची फेड एकच, रोडगे.

आणखी एक. घरी पाण्याचा तांब्या उचलून न घेणारे पुरुष इथं स्वयंपाक करतात. बायका सावलीत बसून सूचना देतात आणि वर्षाचं उट्टं काढतात.

रोडग्याचं पीठ जाडसर दळलेलं हवं, रवाळ. मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, इतकं घट्ट की मळणाऱ्याच्या कपाळावर शीर दिसावी. मग लहान लहान पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि हा गठ्ठा मोठ्या पारीत घालून तोंड बंद करायचं. हाताशी येतो तो टेनिसच्या चेंडूहून मोठा, जड गोळा. तोवर तिकडं गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. घाईचा माणूस जाळात रोडगे टाकतो आणि वरून कोळसा, आतून कणीक खातो. धूर संपला, जाळ बसला, नुसता लाल इस्तो उरला की मग ते आत ठेवायचे, फिरवायचे, वरून गरम राख ओढायची. भेग पडली की झाला. पोत्यात टाकून दोघांनी दोन टोकं धरायची आणि घोळायचं, राख झडते. मग मुठीनं एक ठोसा. आतून पदर सुटतात, वाफ येते आणि तीत तूप. सोबत वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. पळसाच्या पत्रावळीवर वरण धावत सुटतं, त्याला रोडग्याचा बांध घालावा लागतो. हे पाटबंधारे खातं इकडं प्रत्येक पोराला लहानपणीच येतं.

भाच्याचा एक मित्र पहिला घास घेऊन मोठ्या उत्साहानं म्हणाला, "अरे, ही तर बाटी!"

इस्त्याभोवती बोलणं थांबलं. कोणी त्याला काही बोललं नाही, पावणा होता. फक्त त्याच्या पानात आणखी दोन रोडगे पडले आणि ते संपेपर्यंत माझा मित्र त्याच्यासमोर उभा राहिला. नंतर तो जन्मात बाटी म्हणणार नाही. काही दिवस तो काहीच म्हणणार नाही असं त्याच्या तोंडाकडं पाहून वाटत होतं.

जेवण झाल्यावर पोरांना शांतता हवी होती. मोबाईल बंद, चांदण्या, नाल्याची खळखळ, असं त्यांचं ठरलेलं. दहाच्या सुमारास सगळे तंबूत शिरले, चेना ओढल्या. आणि पलीकडच्या वावरातून एकदम आरोळी उठली, "हुर्र्र! हाड! हाड!" लगेच कुत्र्यांचं भुंकणं, मग फटाक्यांची लड, मग डबा बडवल्याचा आवाज. मग शांत. भाचा कपाळावरची बॅटरी लावून बाहेर आला.

"मामा, तिकडं कोणाला तरी मदत हवी आहे."

त्याला सांगावं लागलं की तिकडं कोणीच नाही. खांबावर भोंगा आहे, त्यात आवाज भरून ठेवलेला आहे आणि तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप वाजतो. जनावरं पळावीत म्हणून. पूर्वी जागल्या रात्रभर ओरडायचा, आता मशीन ओरडतं आणि जागल्या घरी झोपतो. कुंपणाला झटका मशीन, खांबाला भोंगा, एवढी आमची शेती पुढं गेली आहे. पुढं म्हणजे कुठं ते विचारू नका, कारण रोही त्याहून पुढं गेले आहेत. भोंगा वाजायला लागला की त्यांना कळतं की इथं माणूस नाही. ते निवांत त्याच्याच खाली उभे राहून हरभरा खातात.

ती रात्र अशी गेली: आरोळी, कुत्री, फटाके, डबा, शांतता, आरोळी, कुत्री, फटाके, डबा. शांततेच्या वेळात पोरं पुढच्या आरोळीची वाट पाहत जागी. त्यात दव पडायला लागलं. तंबूच्या कापडाला आतून पाणी सुटलं आणि टपटपू लागलं. पहाटेच्या आधी कधीतरी मला जाग आली तेव्हा पाचही जण थैल्यांसकट सरपटत कोठ्यात, बैलांच्या शेजारी, आईनं दिलेल्या गाद्यांवर येऊन पडले होते. बैलांनीही त्यांना जागा करून दिली होती. तंबूत सकाळी एक कुत्री सापडली, तिला तो आवडला होता.

सकाळचा विषय निघणारच होता. भाच्यानं ज्या जागांची जाहिरात मला मोबाईलवर दाखवली होती त्यात 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं लिहिलेलं होतं आणि सोयीसुविधांच्या यादीत संडासाचा पत्ता नव्हता. मला गुड मॉर्निंग पथकं आठवली. गाव हागणदारीमुक्त करायचं म्हणून साहेब लोक पहाटे शिट्ट्या घेऊन गोदरीवर उभे असायचे. डबा घेऊन निघालेल्या भल्या माणसांना गुलाबाची फुलं द्यायचे, फोटो काढायचे, दंड करायचे. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी त्या पथकांना चुकवण्यासाठी गनिमी कावा केला होता. आणि आता तेच सान्निध्य शहरातली माणसं पैसे भरून विकत घेतात, तेही टमरेलाशिवाय. माझ्या मित्रानं मात्र वावरात अनुदानातून बांधलेलं पक्कं शौचालय दाखवलं. आत कापसाची पोती भरलेली होती, ती अर्धा तास बाहेर काढली. पोरांनी रांग लावली. त्या मुक्कामात वऱ्हाडी परंपरेची सगळ्यात अस्सल रांग हीच.

दुसऱ्या दिवशी नरनाळा. अकोटवरून शहानूरला जाऊन, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, नियमात बसेल तेवढाच. किल्ला थोडा नाही. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन किल्ले एकमेकांना चिकटलेले. पंधराव्या शतकातला महाकाली दरवाजा आणि त्यावरचं कोरीव काम पाहून पोरं खरंच गप्प झाली. शक्कर तलाव, नऊगजी तोफ. तोफेवर बसून फोटो काढायची मनाई आहे असं सांगितलं तर सायकलवाल्यानं शेजारी उभं राहून काढला. पायात माझ्या चपला होत्या.

परत जाताना पोरांनी आईच्या पाया पडून सांगितलं की आयुष्यातला सगळ्यात भारी कॅम्प. आईनं त्यांना घरचे रोडगे बांधून दिले, वर एक वाक्य: "पुढच्या येळी गच्चीवर झोपा. तिथं भोंगा नाई." तंबू इथंच राहिला. सध्या तो माझ्या मित्राच्या वावरात, त्यात हरभऱ्याचं बियाणं ठेवलंय. कुत्री बाहेर झोपते.

तुम्हाला यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. मे महिन्यात तंबूत शिरलात तर रोडगा व्हाल. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढायला बंदी आहे, ती पाळा. वाघ तुमचं आडनाव विचारत नाही. कोणाच्याही वावरात उतरण्याआधी मालकाला विचारा, तो नाही म्हणणार नाही, फक्त जेवू घालेल. गोवऱ्या गावातून विकत घ्या, झाडं तोडू नका, प्लास्टिकची ताटं-ग्लास नदीत टाकून जाऊ नका. शनिवारनंतरचा वारीचा काठ एकदा पाहा म्हणजे मी हे का सांगतोय ते कळेल. मामा-भाचा डोहात उतरू नका, मग तुम्ही मामा असा, भाचा असा की दोन्ही नसा. पावसाळ्यात तंबू पात्रापासून लांब, उंचावर ठोका, कारण धरणाचे दरवाजे उघडले की वान खालच्या माणसाला फोन करत नाही. आणि सायकल आणणार असाल तर डांबरी रस्त्यानंच या, पांधणीतून नको.